केसातला काटा नेमका कशाचा?

'पीएचडीचा विषय काय?' या प्रश्नाला मी पूर्वी 'जुनी प्लॅस्टिकं कालांतराने कशी खराब होतात ते' असं प्रामाणिक उत्तर द्यायचे. बोलणं बहुतेक वेळा तिथंच संपायचं. हल्ली मी सांगते, 'जपानी बायका शंभर वर्षांपूर्वी अंबाड्यात जे काटे आणि फण्या खोवायच्या, त्या नेमक्या कशाच्या होत्या हे ओळखायचं.' मग लोक खुर्ची ओढून बसतात. ॲनिमे बघणारं कुणी असेल तर लगेच विचारतं, 'कांझाशी ना? त्याने मारामारी करतात ती?' मारामारीचं सिनेमावाल्यांवर सोडू. पण 'कशाची' हा प्रश्न मात्र तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. या दागिन्यांचा आकार शेकडो वर्षांत फारसा बदलला नाही. बदलत गेला तो माल. आणि दर वेळी माल बदलला तेव्हा त्यामागे एखादा कायदा, एखादं बंदर किंवा एखादं युद्ध सापडतं.

आधी नावांची ओळख करून घेऊ. कुशी म्हणजे फणी. कोगाई म्हणजे आडवी दांडी, जिच्याभोवती केस गुंडाळून अंबाडा बसवायचा. आणि कांझाशी म्हणजे वरून खोवायचा काटा, साधा किंवा फुलापानांचा. मराठीत सगळ्यांना मिळून 'कांझाशी' म्हटलं तरी चालेल, जपानीतही बोलताना पुष्कळदा तसंच होतं.

यातली फणी फारच जुनी. फुकुई प्रांतातल्या तोरिहामा इथल्या उत्खननात १९७५ साली एक लाल लाखेची लाकडी फणी सापडली, सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे जपानमध्ये भातशेतीही सुरू झाली नव्हती तेव्हाची. झाडाचा चीक गोळा करून, त्यात रंग मिसळून, थरावर थर देऊन फणी रंगवायची, एवढा वेळ आणि एवढी हौस त्या माणसांकडे होती. इ.स. ७१२ च्या 'कोजिकी' या ग्रंथातही फणी नुसती केस विंचरायला नाही. सुसानोओ हा देव आठ डोक्यांच्या सर्पाशी लढायला जाताना ज्या मुलीला वाचवायचं तिलाच फणीचं रूप देतो आणि स्वतःच्या केसांत खोवून नेतो. पुढे दरबारातही सम्राट ईसेच्या देवस्थानी पुजारीण म्हणून निघालेल्या राजकन्येच्या केसांत स्वतःच्या हाताने फणी खोवायचा. ती निरोपाची फणी. म्हणून आजही जपानमध्ये काही लोक फणी भेट द्यायला कचरतात. शिवाय 'कु' म्हणजे दुःख आणि 'शी' म्हणजे मृत्यू, असा शब्दांचा खेळही आहेच.

फुलं खोवण्याचं आपल्याला नवल नाही. ७३० साली दाझाइफु इथे एका अधिकाऱ्याच्या घरी प्लमच्या बहराची मेजवानी झाली आणि पाहुण्यांनी बत्तीस कविता केल्या. त्यांतल्या काहींमध्ये डोक्यात फुलं माळण्याचा उल्लेख आहे, आणि माळणारे पुरुष आहेत. (याच कवितांच्या प्रस्तावनेतून २०१९ मध्ये जपानच्या नव्या राजवटीचं 'रेइवा' हे नाव घेतलं.) पण त्यानंतर गंमत होते. हेइआन काळापासून दरबारी बायका केस मोकळे, सरळ, जमिनीपर्यंत सोडायला लागल्या. अंबाडाच नाही तर काटा खोवणार कशात? खास समारंभ सोडले तर पुढची सहा-सातशे वर्षं जपानी स्त्रीच्या डोक्यावर दागिन्याला जवळपास जागाच नव्हती. 'पारंपरिक जपानी केसांचे दागिने' म्हणून आपण जे इंटरनेटवर बघतो, ते बहुतेक सगळं सतराव्या शतकानंतरचं आहे. परंपरा हा शब्द ऐकला की 'कधीपासूनची?' असं विचारायची सवय मला या विषयाने लावली.

केस परत वर गेले ते सोळाव्या शतकाच्या शेवटी आणि सतराव्या शतकात. सुरुवात राजवाड्यातून झाली नाही. कलावंतिणी, नाटकातल्या बायका, योशिवारासारख्या वस्त्यांमधल्या गणिका यांच्यापासून झाली आणि मग व्यापाऱ्यांच्या घरात शिरली. तरुण मुलग्यांच्या शेंडीची नक्कल करून शिमादा नावाचा अंबाडा आला, मग त्याचे असंख्य प्रकार. मेणचट तेल लावून केस इतके घट्ट बसवायचे की आठवडाभर मोडू नयेत, आणि झोपताना मानेखाली उंच, अरुंद उशी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तर कानांवरचे केस कंदिलासारखे फुगवायची फॅशन आली. उतामारोच्या चित्रांत त्या केसांतून पलीकडचं दिसतं. ते तसे उभे राहावेत म्हणून आत देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्टीची किंवा कासवाच्या पाठीची कमान घालत. म्हणजे काही दागिने दिसण्यासाठी होते आणि काही न दिसण्यासाठी.

आता कासवाकडे येऊ, कारण खरी गोष्ट इथं आहे. जपानीत 'बेक्को' म्हणतात तो माल म्हणजे हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाच्या पाठीवरचे आणि पोटाकडचे खवले. (वेळासला आपण जी पिल्लं समुद्रात जाताना बघतो ती ऑलिव्ह रिडलेची. हे कासव वेगळं. ते प्रवाळांच्या आसपास राहतं, भारतात अंदमान आणि लक्षद्वीपकडे.) रसायनशास्त्राच्या भाषेत हे केराटिन, आपली नखं, केस, बैलाचं शिंग यांच्याच कुळातलं. या मालाची खुबी अशी की त्याला गोंद लागत नाही. दोन तुकडे घासून स्वच्छ करायचे, ओले करायचे, ओल्या लाकडी पट्ट्यांमध्ये ठेवून तापलेल्या लोखंडाने दाबायचे. पाणी आत शिरून प्रथिनांच्या साखळ्या सैल करतं, उष्णतेने त्या हलायला लागतात, एका तुकड्यातल्या दुसऱ्यात गुंततात, आणि गार झाल्यावर जोड दिसतसुद्धा नाही. फक्त जोडायच्या जागेला बोट लागता कामा नये, कातडीचं तेल मध्ये आलं की जोड बसत नाही. कारागिराला रेणू वगैरे माहीत नव्हते, पण पाणी किती आणि आच किती हे त्याचा हात सांगायचा. मला प्रयोगशाळेत तापमान नियंत्रक लागतो, तो वेगळा विषय.

युरोपात लोकांना तपकिरी ठिपक्यांचं कासव आवडायचं. जपानमध्ये उलटं. जितका माल मधासारखा पिवळा, आरपार दिसणारा, एकही डाग नसलेला, तितका महाग. असा भाग एका कासवात फार थोडा निघतो, मुख्यतः पोटाकडून आणि कडेच्या खवल्यांतून. बड्या गणिकांच्या, म्हणजे ओइरानच्या चित्रात डोक्याभोवती किरणांसारखे पसरलेले लांब पिवळे काटे दिसतात ना, ते मोजून बघा आणि मग विचार करा, त्या एका डोक्यामागे किती कासवं असतील. यातलं जपानच्या किनाऱ्यावर जवळजवळ काहीच मिळत नव्हतं. देशाची दारं बंद होती त्या काळात हा माल नागासाकीच्या एकाच बंदरातून, डच आणि चिनी जहाजांमधून यायचा. म्हणून बेक्कोचे कारागीर नागासाकीत वाढले आणि तिथून ओसाका, एदोला गेले.

महाग वस्तू आणि खालच्या समजल्या जाणाऱ्या वर्गाच्या हातात पैसा, हे सरकारला कुठेच रुचत नाही. तोकुगावा राजवटीत व्यापारी सगळ्यात खालच्या पायरीवर, आणि दागिने मात्र त्यांच्याच बायकांच्या डोक्यावर. म्हणून उधळपट्टीविरुद्ध फर्मानं पुन्हा पुन्हा निघाली. १८४१ ते १८४३ च्या तेन्पो सुधारणांत तर महागड्या फण्या-काट्यांवर कडक बंदी आली. केस बांधून देणाऱ्या बायकांच्या धंद्यावरही बंदी घातली गेली, ती त्याआधी कान्सेईच्या काळातही घातलीच होती. एकच हुकूम परत परत काढावा लागतो याचा अर्थ लोक तो पाळत नव्हते, एवढं अनुमान काढायला इतिहासकार असायला नको.

लोकांनी वाटा काढल्या. 'बेक्को' हे नावच बघा. हॉक्सबिलचं खरं जपानी नाव तायमाई. बेक्को म्हणजे गोड्या पाण्यातल्या साध्या कासवाची पाठ. मनाई तायमाईला आहे ना, हे आमचं साधं कासव, असं म्हणून दुकानदारांनी नाव बदललं आणि तेच रुळलं, असं सांगितलं जातं. कांझाशीच्या टोकाला जो छोटा चमचा दिसतो, तो कानकोरणं. त्याबद्दलही अशीच गोष्ट आहे, की दागिना नाही, कान कोरायचं साधन आहे असं म्हणता यावं म्हणून तो ठेवला. या गोष्टींत मीठमसाला किती कोण जाणे, पण चांदीचा काटा कानकोरणं लावून विकला जायचा हे तर वस्तूच दाखवतात.

माझ्या कामाचा माल मात्र तिसऱ्या वाटेने आला, नकलेच्या. घोड्याचं खूर आणि बैलाचं शिंग उकळून, दाबून, रंगवून बेक्कोसारखं करायचं. किंवा आत शिंग आणि वर कासवाचा पातळ पापुद्रा. काही जण वेगळ्याच दिशेने गेले आणि स्वस्त लाकडावर अफाट कारागिरी केली. हारा योयुसाईसारखा लाखकामाचा उस्ताद साकाई होइत्सूच्या चित्रांवरून फण्यांवर सोन्याच्या भुकटीने नक्षी करायचा. बोटभर रुंदीच्या जागेत अख्खा ऋतू. मला वैयक्तिकरीत्या विचाराल तर बेक्कोपेक्षा याच फण्या आवडतात. रेशमाचे छोटे चौकोन चिमट्याने दुमडून भाताच्या खळीने चिकटवलेली त्सुमामी फुलं हीसुद्धा याच एदो काळातली. क्योतोच्या मायको, म्हणजे शिकाऊ गेइशा, आजही दर महिन्याला वेगळी त्सुमामी फुलं घालतात: फेब्रुवारीत प्लम, मार्चमध्ये मोहरीची पिवळी फुलं, नोव्हेंबरात मेपलची लाल पानं. डिसेंबरात त्यांच्या फुलात दोन कोऱ्या पाट्या लटकतात. मिनामिझा नाट्यगृहातल्या आवडत्या काबुकी नटांची सही घ्यायला.

१८६८ नंतर मेइजी सरकार आलं आणि डोकी पुन्हा राजकारणाचा विषय झाली. १८७१ मध्ये पुरुषांना शेंडी कापायची मुभा मिळाली. ती ऐकून काही बायकांनीही केस कापले, तर १८७२ मध्ये तोक्योत बायकांच्या केस कापण्यावर बंदी! आधुनिकता पुरुषांच्या डोक्यावर आणि परंपरा बायकांच्या. हे वाटप आपल्याकडेही ओळखीचं वाटेल. १८८५ मध्ये डॉक्टर वातानाबे कानाए आणि इशिकावा एइसाकू यांनी बायकांच्या सोप्या केशरचनेसाठी एक संस्थाच काढली. त्यांचं म्हणणं: जुन्या अंबाड्यात मान अवघडते, केस धुता येत नाहीत, आणि खर्च परवडत नाही. सोपा अंबाडा स्वतःच्या हाताने बांधता येतो. शिक्षिका, विद्यार्थिनी, परिचारिका यांनी तो उचलला. रशियाबरोबरच्या युद्धानंतर तर पोर्ट आर्थरजवळच्या लढाईतल्या टेकडीवरून '२०३ मीटरची टेकडी' या नावाचा उंच अंबाडा निघाला. या नव्या डोक्यांना जड बेक्को नको होतं. हलकी, स्वस्त, रंगीत फणी हवी होती.

ती मिळाली सेल्युलॉइडची. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने १८७० मध्ये पेटंट घेतलेलं हे प्लॅस्टिक दोन गोष्टींचं बनतं: नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस, आणि कापूर. हो, आरतीच्या तबकातला तोच रेणू. सेल्युलॉइडमध्ये वजनाने साधारण एक चतुर्थांश कापूर असतो, त्याच्याशिवाय ते नुसतं ठिसूळ आणि स्फोटक. आज बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो, पण तेव्हा तो झाडातूनच काढायचा: जुनी कापराची झाडं तोडायची, ढलप्या करायच्या आणि वाफेवर ऊर्ध्वपातन करायचं. आणि जगातली कापराची सगळ्यात मोठी जंगलं होती तैवानच्या डोंगरात.

१८९५ मध्ये चीनबरोबरचं युद्ध जिंकून जपानने तैवान घेतलं. १८९९ मध्ये तिथे कापरावर सरकारी मक्तेदारी आणली, १९०३ मध्ये ती जपानमध्येही लागू केली. कच्चा माल मुठीत आला. १९०८ मध्ये साकाई आणि आबोशी इथे सेल्युलॉइडच्या मोठ्या कंपन्या निघाल्या, १९१९ मध्ये आठ कंपन्या एकत्र होऊन दाइनिप्पोन सेल्युलॉइड झाली. आजची डायसेल ती हीच, आणि १९३४ मध्ये तिच्या फिल्म विभागातून फुजी फोटो फिल्म निघाली. १९३० च्या दशकात सेल्युलॉइड बनवण्यात जपान जगात पहिला होता. पण ती झाडं कुणाच्या डोंगरात होती? अतायाल आणि इतर आदिवासींच्या. कापूर काढणारे जसजसे वर सरकले तसतशी पहाऱ्याच्या चौक्यांची आणि विजेच्या तारांची रेषाही सरकवत नेली. १९१० ते १९१४ या काळात गव्हर्नर-जनरल साकुमा सामाताने डोंगराळ भाग ताब्यात आणायला थेट लष्करी मोहीम चालवली.

म्हणून 'सेल्युलॉइड आलं आणि कासवं वाचली' हे वाक्य पाठ्यपुस्तकात किंवा व्हिडिओत दिसलं की मला ते पटत नाही. एक तर नकली मालाची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली. दुसरं, कासवं वाचलीच नाहीत. नकल सर्वत्र झाली की असलीचा मान वाढतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये पैसा आला तशी बेक्कोची आयात वाढली. काटे कमी झाले होते, पण चष्म्याच्या फ्रेमा, लग्नातले दागिने, भिंतीवर टांगायला आख्खी कासवं यांना मागणी होती. हॉक्सबिल वयात यायला वीस ते चाळीस वर्षं लागतात आणि १९५० नंतरच्या चार दशकांत लाखो कासवांचा माल जपानमध्ये आला. १९८० मध्ये जपान वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला, पण हॉक्सबिलपुरता अपवाद राखून. अमेरिकेने व्यापारी निर्बंधांचा इशारा दिल्यावर १९९१ मध्ये सरकार नमलं, १९९२ च्या अखेरीस आयात थांबली आणि १९९४ मध्ये तो अपवादही मागे घेतला. आजचे नागासाकी आणि तोक्योचे मोजके कारागीर जुन्या साठ्यावर काम करतात. त्यांच्याबद्दल मला राग नाही. सहा-सात पिढ्यांचं हात-ज्ञान आणि एक संपत चाललेला प्राणी यांच्यात निवड करायची वेळ त्यांच्यावर आली, आणि निर्णय दुसऱ्यांनी घेतला.

आता माझं काम. समोर एक पिवळसर-तपकिरी फणी आहे. कासव, शिंग की सेल्युलॉइड? हे कळणं का गरजेचं? कासव असेल तर ती विकण्यावर, परदेशात नेण्यावर कायद्याची बंधनं. सेल्युलॉइड असेल तर ती शेजारच्या वस्तूंना धोका. सेल्युलॉइड हळूहळू तुटतं, नायट्रोजनची ऑक्साइडं सोडतं, ती दमट हवेत आम्ल होतात आणि तेच आम्ल उरलेल्याला आणखी वेगाने तोडतं. कापूर उडून जातो तशी फणी आकसते, तडे जातात, खडीसाखरेसारखे तुकडे पडतात. बंद खोक्यात सोबत चांदीचा काटा असेल तर तोही जातो.

तपासणी वस्तूला न दुखवता करायची. पहिली पायरी भिंग. खऱ्या कासवात गडद डाग असंख्य बारीक ठिपक्यांचा असतो, सेल्युलॉइडमध्ये रंगाचे पट्टे सरबतात रंग सोडल्यासारखे. मग अवरक्त किरण. यात एक फसवी जागा आहे आणि नवीन विद्यार्थ्यांना ती मी आवर्जून दाखवते: आलेखात १६५० च्या आसपास दोघांचंही ठळक शिखर येतं. केराटिनचं अमाइड बंधामुळे, सेल्युलॉइडचं नायट्रेटमुळे. तेवढ्यावर निकाल देऊ नये. १५४० जवळ जोडीदार शिखर दिसलं तर प्रथिन. १२८० आणि ८४० जवळ दिसली तर सेल्युलॉइड, आणि १७३५ च्या आसपास कापराची खूण. कासव की शिंग हे मात्र या आलेखावरून सहज सुटत नाही, तिथे परत भिंगाकडे, म्हणजे डोळ्यांकडे यावं लागतं.

तुमच्या घरी आजीच्या पेटीत अशी जुनी पिवळी फणी, बांगडी किंवा चष्म्याची फ्रेम असेल तर एक विनंती. इंटरनेटवर सांगतात ती तापल्या सुईची परीक्षा करू नका. सेल्युलॉइड भस्सकन पेटतं. १९३२ मध्ये तोक्योच्या शिरोकिया या दुकानात खेळण्यांच्या विभागात सेल्युलॉइडने पेट घेतला आणि चौदा माणसं गेली. त्याऐवजी अंगठ्याने जरा जोरात घासा आणि नाकाशी धरा. कापराचा वास आला तर ती हवाबंद डबीतून बाहेर काढा, दागिन्यांपासून लांब, गार जागी, साध्या कागदात सैल गुंडाळून ठेवा. पृष्ठभाग चिकट लागला किंवा वास कापराचा न येता तिखट, नाकाला झोंबणारा आला, तर तिचं मोडणं सुरू झालंय. तिचा फोटो काढून ठेवा, आणि ती घरातल्या बाकी सामानापासून वेगळी करा.